माझ्या मॅनेजर सुशीलाकाकू

न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात भरलेल्या कलाकारांच्या कॉन्फरन्समध्ये माझ्या गळ्यातल्या बिल्ल्यावर माझ्या नावाखाली ‘स्वतंत्र कलाकार’ असं छापलेलं होतं. शेजारी उभ्या असलेल्या सुशीलाकाकूंच्या बिल्ल्यावर ‘मॅनेजर’ असं होतं. सुशीला रामटेके या बाई न्यू जर्सीत पार्सिपनीजवळच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होत्या. नाटकाच्या धंद्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पण नोंदणीच्या टेबलावर ‘तुम्ही कोण’ असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून शांतपणे सांगितलं, “मी हिची मॅनेजर.” तिथल्या मुलीनं तसं टाइप केलं आणि त्या क्षणापासून त्या झाल्या. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आज मी रंगभूमीवर जी काही उभी आहे, ती त्या वाक्यापासून उभी आहे असं मी मानते.

त्यांची माझी ओळख त्याच्या आदल्या वर्षीची. आम्ही तेव्हा ओहायोत डब्लिनला राहत होतो. नवरा इन्शुरन्स कंपनीत कॉम्प्युटरवर आणि मी नाटकाची पदवी घेऊन घरी. ‘सुईण’ नावाचं एकपात्री मी इंग्रजीतून लिहिलं होतं, अधूनमधून मराठी ओळी होत्या. गावोगावच्या घरांत बाळंतपणं करणारी बाई, जिला काम झाल्यावर मागच्या दारानं जायला सांगतात, अशी तिची गोष्ट. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मला वेळ मिळाला तो लहान मुलांचे नाच आणि जेवण यांच्या मधला. शाळेचं कॅफेटेरिया होतं. मी “सॉरी, हे जरा सिरियस आहे” असं म्हणून सुरुवात केली. थोड्याच वेळात माइक बंद पडला, तिकडे पुऱ्यांचा वास सुटला आणि मंडळी एकेक करून रांगेकडे सरकली. मी बराच भाग गाळून कसंबसं संपवलं.

पहिल्या रांगेत एकच बाई शेवटपर्यंत बसून होत्या. निळी सिल्कची साडी, वरून स्वेटर, पायांत पांढरेशुभ्र स्नीकर्स. त्या न्यू जर्सीहून धाकट्या बहिणीकडे आल्या होत्या. मी खाली उतरले तर त्या दोन ताटं वाढून घेऊन उभ्या.

“आधी जेवून घे,” त्या म्हणाल्या. मी दोन घास खाल्ल्यावर म्हणाल्या, “तुझी दाई फार रडते बाप्पा. तू काऊन रडवून राहिली तिला एवढी?”

मी म्हणाले, “काकू, तिचं आयुष्यच तसं ना.”

“माझी आई दाई होती,” त्या म्हणाल्या. “भंडाऱ्याकडचं गाव आमचं. ती नाही रडायची. तिला त्या लोकांचं हसू यायचं.”

आणि तिथंच, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या बसल्या, हातातलं ताट सांभाळत त्यांनी मला आपली आई करून दाखवली. आई घरी येऊन पोरांना पाटलीणबाईंची नक्कल करून दाखवायची ती. कळा येत असताना पाटलीणबाई दाईचा हात घट्ट धरून म्हणतात, “सुंदरा, तूच माझी माय, मला सोडून जाऊ नको.” आणि मूल झालं, आंघोळ झाली की त्याच बाईंचा आवाज बदलतो, “सुंदरा, मागच्या दारानं जा गं, ओटा सारवलाय.” काकूंनी दोन्ही आवाज इतके हुबेहूब काढले, की मी हसता हसता गप्प झाले.

“आम्ही भावंडं पोट धरून हसायचो,” काकू म्हणाल्या. “मग ती भाकरी टाकायला बसायची. तू हे कर. लोकांना आधी हसू दे. रडायचं असेल तर त्यांचे ते रडतील.”

त्या हिवाळ्यात दर रविवारी त्यांचा फोन यायचा. मी नवीन लिहिलेलं वाचून दाखवायची, त्या ऐकायच्या. आवडलं तर “हं” म्हणायच्या. नाही आवडलं तर “बरं, तिकडे थंडी किती आहे?” असं विचारायच्या. थंडीचा विषय निघाला की मी तो कागद टाकून द्यायची. हळूहळू माझी सुईण हसायला लागली.

काकूंचं सगळं चरित्र मला माहीत नाही आणि त्यांनी ते कधी सांगितलंही नाही. नागपूरला कॉलेज, मग नवऱ्याबरोबर अमेरिका, नवरा लवकर गेला, मुलगा मिलिंद कॅलिफोर्नियात सांता क्लाराला इंजिनिअर. चौदा एप्रिलच्या जयंतीला त्यांच्या घरी आसपासची आपली कुटुंबं आणि महाराष्ट्रातून आलेले नवे विद्यार्थी जमत. त्या दिवशी त्या एवढा स्वयंपाक करत, की मुलं पुढच्या आठवडाभराचे डबे घेऊन जात. बाकी त्या ओळखू यायच्या त्यांच्या सवयींवरून. एक म्हणजे स्नीकर्स. लग्नाला, मयताला, ऑफिसच्या पार्टीला तेच. दुसरी सवय पहिल्या रांगेची. सभा असो, चर्चमधलं कुणाचं लग्न असो, त्या सरळ चालत पुढे जायच्या आणि पहिल्या रांगेत बसायच्या. यामागे काहीतरी मोठं कारण असणार, शाळेत मागे बसवलं असणार, असं मी मनाशी धरलं होतं. एकदा धीर करून विचारलं. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून माझ्या हातात दिला. “नंबर बघ याचा,” म्हणाल्या. “मागून मला काय दिसणार, कपाळ?”

तिसरी सवय ‘सॉरी’ न म्हणण्याची. म्हणजे चूक झाली तर त्या साफ कबूल करायच्या, पण बोलण्याची सुरुवात सॉरीनं केलेली त्यांना खपत नसे. “सॉरीनं सुरुवात केली की समोरचा चूक शोधायला लागतो,” असं त्यांचं म्हणणं. कॅफेटेरियातलं माझं पहिलं वाक्य त्या कधी विसरल्या नाहीत.

त्या कॉन्फरन्सबद्दल मला माझ्या प्रोफेसरांनी सांगितलं होतं. दर जानेवारीत जगभरचे कलाकार, त्यांचे एजंट आणि गावोगावची थिएटर चालवणारी माणसं एका हॉटेलात जमतात. पुढच्या वर्षाचे प्रयोग तिथं ठरतात. मी काकूंना फोनवर म्हणाले, “माझं कसलं जाणं तिथं. एजंट नाही, स्टॉल नाही, मॅनेजर नाही.”

“स्टॉलचं मला काही समजत नाही,” त्या म्हणाल्या. “मॅनेजर मी होते. ये राहायला.”

त्यांनी लॅबमधून सुट्टी टाकली. मी आधी काही दिवस त्यांच्याकडे जाऊन राहिले आणि त्यांच्या स्वयंपाकघरात माझी तयारी सुरू झाली. अनोळखी माणसाला आपलं काम थोडक्यात सांगायचं, एवढाच अभ्यास. काकू ओट्यापाशी काहीतरी करत असायच्या, मी फ्रिजला टेकून बोलायची. पहिल्या दिवशी मी “माझं काम हे परंपरा आणि आधुनिकता यांच्या सीमारेषेवर” एवढं म्हणाले आणि काकूंनी मिक्सर सुरू केला. मी थांबले. मिक्सर बंद झाला. मी पुन्हा सुरू केलं, “म्हणजे स्त्रीच्या शरीराचा जो राजकीय अवकाश आहे...” पुन्हा मिक्सर. मी चिडून म्हणाले, “काकू, चटणी झाली असेल आता.”

“चटणी कधीचीच झाली,” त्या म्हणाल्या. “मी कंटाळले की लावते.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पाहिलं, पण समजूत काढली नाही. पाटावर बसावं तशा खुर्चीत मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, “मला सांग, ती दाई कोण आहे? तिला काय पाहिजे? आणि मी माझं घर सोडून तिला बघायला का येऊ? बस, एवढंच सांग.”

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी म्हणाले, “एक बाई आहे. गावातलं प्रत्येक मूल तिच्या हातात पहिल्यांदा रडलं. त्यातल्या एकाही घराचं पुढचं दार तिनं पाहिलेलं नाही. आज ती त्या सगळ्या घरांच्या नकला करून दाखवणार आहे.” काकूंचा हात मिक्सरपर्यंत गेला नाही. त्या म्हणाल्या, “हं.”

हॉटेलातलं ते प्रदर्शन मी जन्मात विसरणार नाही. मजल्यांवर मजले भरून स्टॉल. सर्कसवाले, चौकडीनं वाजवणारे व्हायोलिनवादक, आयरिश नाच, कळसूत्री बाहुल्या, एजंटांच्या टेबलांवर चॉकलेटच्या वाट्या. समोरून येणारा प्रत्येक माणूस आधी छातीवरचा बिल्ला वाचायचा आणि मग चेहऱ्याकडे बघायचं की नाही ते ठरवायचा. ‘स्वतंत्र कलाकार’ वाचून बहुतेकांची नजर पुढे सरकायची. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मी सरकत्या जिन्याजवळ पाठ टेकून उभी होते, आणि काकू माझ्या व्हिडिओ कॅसेट्सची किराणा दुकानाची पिशवी हातात धरून हिंडत होत्या.

त्यांची पद्धत अशी, की त्या माझ्याबद्दल बोलतच नसत. थिएटर चालवणारा कुणी दिसला की त्याला विचारायच्या, “तुमचं गाव कुठलं? थिएटर नवं आहे की जुनं? थंडीत लोक येतात का? पार्किंग पुरतं का?” सकाळपासून ज्याला सगळ्यांनी फक्त विकायचा प्रयत्न केला होता, तो माणूस एकदम मोकळा होऊन गळक्या छपराबद्दल बोलायला लागायचा. काकू मनापासून ऐकायच्या. छपराला कुठलं रसायन लावावं तेही सांगायच्या. शेवटी तो स्वतःच विचारायचा, “तुम्ही कुणाच्या मॅनेजर?” तेव्हा कुठे पिशवीतून कॅसेट निघायची.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या संस्थेसाठी कार्यक्रम ठरवणारा गृहस्थ आपणहून माझ्याकडे आला. उंच, हसरा, बोलायला गोड. त्याला बऱ्याच कॉलेजांतून फिरवण्यासाठी भारतीय उत्सवाचा कार्यक्रम हवा होता. “रंगीत हवं,” तो म्हणाला. “साड्या, दिवे, थोडा नाच. तुमचा चेहरा छान आहे. एकटीच करू शकाल?” एवढे दौरे, एवढी गावं, आणि तेही माझ्यासारख्या अनोळखी मुलीला. मी ‘हो’ म्हणण्यासाठी तोंड उघडलंच होतं.

काकूंनी विचारलं, “तुम्ही हिचं काम पाहिलंय?”

“नाही अजून.”

“मग उद्या संध्याकाळी या. वर खोलीत दाखवणार आहे. बघा, आणि मग सांगा काय पाहिजे ते.”

त्यानं घड्याळाकडे बघितलं, वेळ मिळाला तर येतो म्हणाला आणि गेला. मला रडू आवरेना. मी काकूंना बाथरूमजवळच्या कोपऱ्यात नेऊन म्हणाले, “दोन दिवसांत एक माणूस स्वतःहून बोलायला आला, आणि तुम्ही त्याला घालवलंत.”

“मी नाही कुठं म्हटलं त्याला?” काकू म्हणाल्या. “ये म्हटलं. तुला दिवे घेऊन नाचायचं असेल तर खुशाल नाच मीनल, मी साडी नेसवून देते. त्यात वाईट काहीच नाही. पण ते तुला करायचंय की त्याला पाहिजे म्हणून करायचंय, एवढं ठरव. तुझ्याऐवजी मी ठरवणार नाही.”

त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि त्या खरंच दूर जाऊन बसल्या. मी बराच वेळ तिथं उभी राहिले. मग जाऊन त्यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, “उद्याची खोली कशी लावायची?”

तो गृहस्थ दुसऱ्या दिवशी आला नाही. हे आधीच सांगते.

ज्यांना मोठा रंगमंच मिळत नाही, ते कलाकार त्या हॉटेलात आपापल्या खोल्यांमध्ये प्रयोग दाखवतात. संध्याकाळी आमच्या मजल्यावर प्रत्येक दार उघडं होतं, आत वाइन आणि चीज मांडलेलं होतं. काकूंनी आपल्या नावावर घेतलेल्या खोलीत आम्ही पलंग भिंतीला सरकवले. पडद्याजवळचा उभा दिवा माझ्या डोक्यावर येईल असा ठेवला. पाहुणचाराला चिवडा आणि चहा. चहा काकूंनी घरून आणलेल्या विजेच्या किटलीत, आलं आणि वेलदोडा घालून. किटलीतून वाफ निघाली आणि तो वास सगळ्या पॅसेजभर गेला.

काकू दारात उभ्या राहिल्या. दिवसभर उभं राहून पाय दुखलेली माणसं जात-येत होती. काकू म्हणायच्या, “आधी चहा. मग थोडं नाटक. जाहिरातीचा कागद कुणालाच देणार नाही.” लोक हसायचे आणि आत यायचे. पेले संपले तेव्हा त्यांनी बाथरूममधले ग्लास धुऊन घेतले. पलंगावर, जमिनीवर, रेडिएटरच्या कठड्यावर माणसं बसली. एक सर्कसवाला कपाटाला टेकून उभा होता. काकू अर्थातच सगळ्यांत पुढे, जमिनीवर, स्नीकर्स काढून.

मी ‘सॉरी’ न म्हणता सुरुवात केली. पाटलीणबाईंचा पहिला आवाज आला तेव्हा खोली हसली. दुसरा आवाज आला तेव्हाही हसली, पण मध्येच थांबली. तसा थांबणारा हशा मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. पुढचं सगळं मी त्या आवाजाच्या आधारानं केलं.

टाळ्या वाजल्या, लोक उठले. पलंगाच्या कडेवर बसलेली एक काळी बाई मात्र उठली नाही. साठीच्या आसपासची, डोक्याला जांभळा रुमाल. तिचं नाव लोरेन. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या एका छोट्या कॉलेजचं थिएटर ती चालवायची. ती माझ्याशी बोललीच नाही. तिनं काकूंचा हात धरला आणि म्हणाली, “माझी आजी हेच करायची. गोऱ्यांची निम्मी मुलं तिच्या हातावर झाली. आणि दार मागचंच.”

“नकला करायची का?” काकूंनी विचारलं.

लोरेन हसायला लागली. हसता हसता तिनं रुमालानं डोळे पुसले. “रोज संध्याकाळी,” ती म्हणाली. “ओसरीवर बसून.”

मग त्या दोघी पलंगाच्या कडेवर बसल्या आणि बोलतच राहिल्या. एकीची आजी, एकीची आई. नाळ कशानं बांधायच्या, मोबदला धान्यात की कपड्यात, मेल्यावर कोणकोण पोचवायला आलं. प्रयोग, तारीख, करार, कशाचाच विषय नाही. मी बाथरूमच्या बेसिनमध्ये ग्लास विसळत होते आणि आरशातून त्यांना बघत होते. आपलं नाटक आपल्याला सोडून पुढे निघून गेलंय असं मला वाटलं, आणि इतकं बरं वाटलं, की मी धुतलेले ग्लास पुन्हा धुतले.

निघताना लोरेन दारात थबकून म्हणाली, “अरे हो, वसंतात माझ्याकडे याल ना? आणि मॅनेजरनाही आणा.”

त्या वसंतात आम्ही दोघी गेलो. विटांचं जुनं थिएटर, विद्यार्थी, प्राध्यापक, आणि लोरेननं मुद्दाम गावातून बोलावलेल्या म्हाताऱ्या बायका, चर्चला घालायच्या टोप्या घालून आलेल्या. त्यातल्या काहींनी तरुणपणी स्वतः बाळंतपणं केलेली. त्या पहिल्या रांगेत आणि त्यांच्यात आमच्या काकू. प्रयोगानंतर प्रश्न सुरू झाले. एका मुलीनं मला विचारलं, “ही बाई खरी आहे का?”

मी काकूंकडे पाहिलं. त्या स्टेजला घाबरायच्या, हे मला ठाऊक होतं. एवढी वर्षं मंडळाच्या कार्यक्रमांना जाऊनही त्यांनी कधी माइक हातात धरला नव्हता. त्या जागेवरच उभ्या राहिल्या, मागे वळल्या आणि लॅबमधला रिपोर्ट वाचावा तशा सरळ इंग्रजीत बोलल्या. “ती माझी आई. तिचं नाव सुंदराबाई. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिच्या हातून आई आणि मूल दोघंही सुखरूप सुटायची, म्हणून लोक तिला बोलवायचे. तिनं मला शाळेत घातलं. आज तिचं नाव इथं घेतलं गेलं. ती असती तर तिनं घरी जाऊन तुम्हा सगळ्यांची नक्कल केली असती.”

हशा पिकला आणि त्यातच शेजारच्या एका म्हातारीनं काकूंना आपल्याकडे ओढून मिठी मारली.

परतीच्या विमानात मी म्हणाले, “काकू, आपल्या लोकांत तुम्ही हे कधीच बोलला नाहीत.”

“लपवलं नव्हतं काही,” त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “कुणी विचारलंच नाही ना.”

लोरेननं मग तिच्या ओळखीच्या दुसऱ्या कॉलेजांना फोन केले, त्यांनी आणखी कुणाला सांगितलं. पुढच्या काही वर्षांत ‘सुईण’ घेऊन मी निम्मी अमेरिका फिरले. नंतर मला एजंट मिळाला, हुशार आणि सरळ माणूस. पण ‘मॅनेजर’ हा शब्द मी त्याच्यासाठी कधी वापरला नाही. काकूंचे आभार मानायला गेलं, की त्या थंडीचा विषय काढायच्या. त्यामुळे ते नीट मानायचे राहूनच गेले. म्हणून हे लिहितेय.

निवृत्तीनंतर काकू मिलिंदकडे सांता क्लाराला गेल्या. दशक सरत आलं होतं. आदल्या रात्री माझा त्या बाजूला प्रयोग होता, म्हणून सकाळी त्यांच्या घरी गेले, तर सून म्हणाली, “आई पूलवर आहेत. रोज जातात.” जवळच्या सार्वजनिक तलावावर ज्येष्ठांसाठी पोहण्याचा वर्ग होता. काकू कठड्याला धरून उभ्या होत्या, छातीइतक्या पाण्यात, डोक्याला रबरी टोपी, डोळ्यांवर गॉगल. मला बघून त्यांनी हात केला. बऱ्याच वाळल्या होत्या. मी काठावर बसून पाय पाण्यात सोडले. आम्ही थोडं बोललो, प्रयोगाबद्दल, नातवंडांबद्दल.

“हे काय नवीन काढलंत?” मी विचारलं.

“गावात तळं होतं आमच्या मोठं,” त्या म्हणाल्या. “बाकीची पोरं धपाधप उड्या मारायची. आम्ही काठावरून बघायचो.” एवढंच बोलल्या आणि गॉगल नीट केला.

मला विमान गाठायचं होतं. मी उठले, “येते काकू,” म्हणाले. त्यांनी मान हलवली. शिक्षिकेनं शिट्टी वाजवली. फाटकापाशी जाऊन मी मागे बघितलं. काकूंनी कठडा सोडला होता. हात पाय जरा वेडेवाकडे मारत, तोंड वर करून श्वास घेत, त्या सावकाश पलीकडच्या काठाकडे निघाल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. त्या मधोमध पोचेपर्यंत मी थांबले.